प्रोजेक्टला उकिरडा का नको?

लोणावळा लोकलने कान्ह्याला उतरून टाकवे बुद्रुकला जाणाऱ्या कुणालाही विचारा, थंडीतल्या सकाळी उकिरड्यातून निघणारी वाफ त्याने पाहिलेली असते. 'खत तापलंय' असं घरातलं मोठं माणूस म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. त्याच घरातली मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असते. प्रोजेक्टला टॉपिक मिळत नाही म्हणून ग्रुपवर मेसेज टाकत असते आणि शेवटी कॉलेजच्या बागेतली माती नाहीतर कॅन्टीनचं पाणी तपासून मोकळी होते. मी मासकॉमची, हा माझा विषय नाही. पण बाहेरून बघतानाही हे खटकतं, कारण त्या वाफेच्या खाली जे चाललेलं असतं त्यासाठी जगभरातल्या लॅब डोकं खपवतायत.

उकिरडा कुणी पेटवलेला नसतो. आतले सूक्ष्मजीव पालापाचोळा, शेण, पेंढा खातात, त्यातून उष्णता सुटते आणि ढीग मोठा असला की ती आत कोंडते. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की साधे जीवाणू मागे पडतात आणि उष्णताप्रेमी जीवाणू ताबा घेतात. ढिगाच्या पोटात ६०-६५ अंश सहज होतात. ओल्या पेंढ्याची गंज रचू नये असं शेतकरी सांगतात, त्यामागे हेच आहे. दमट गंज आतल्या आत तापते आणि कधीकधी आपोआप पेटही घेते.

आता गंमत पाहा. तुम्ही ताटात घेता तो इंद्रायणीचा भात आणि शेतात मागे राहिलेला पेंढा, दोन्ही मुख्यत्वे साखरेच्या साखळ्यांचे. दाण्यातलं स्टार्च ग्लुकोजचं आणि पेंढ्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक फक्त जोडणीचा. स्टार्चची जोडणी आपली लाळसुद्धा तोडते. सेल्युलोजची जोडणी वेगळी आहे, शिवाय त्याच्या सरळसोट साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून बसतात की पाणीही आत शिरत नाही. आपल्याला पेंढा पचत नाही तो यामुळे. गाईलाही तो स्वतःच्या बळावर पचत नसतो, तिच्या पोटातले जीवाणू पचवतात.

हे कुलूप उघडायला तीन प्रकारची एन्झाइम्स लागतात. एक साखळी मध्येच कापतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोलत जातं, तिसरं त्या जोड्या फोडतं. उष्णताप्रेमींनी या कामात कमाल केली आहे. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा जीवाणू हवेशिवाय, ६० अंशांच्या आसपास जगतो. तो ही एन्झाइम्स सुटी सोडत नाही. एका लांब प्रथिनावर ओळीने बसवून स्वतःच्या अंगावरच वागवतो, स्विस नाइफसारखी. राफाएल लामेड आणि एडवर्ड बायर या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही रचना शोधली आणि तिला 'सेल्युलोसोम' नाव दिलं. रशियातल्या कामचाट्काच्या गरम झऱ्यात सापडलेला कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेस्की (नाव एका दमात म्हणून दाखवाच) तर ७५ अंशांना मजेत असतो. त्याचं 'सेल-ए' हे एन्झाइम नुसतं वरून सोलत नाही, सेल्युलोजला भोकं पाडत आत घुसतं.

उष्णतेचा फायदा काय? रासायनिक क्रिया वेगाने होतात, उष्णताप्रेमींचं एन्झाइम त्या तापमानातही टिकतं आणि टाकीत भलतेसलते जीवाणू सहसा वाढत नाहीत. उद्योगाला हेच हवंय. तुमच्या फेडेड जीन्सचा तो 'लूक' अनेकदा दगडांनी घासून नाही, तर सेल्युलेज एन्झाइमने आणलेला असतो. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं उद्दिष्ट. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. मात्र अशा कामासाठी बाजारात मिळणारी एन्झाइम्स बहुतेक ट्रायकोडर्मा बुरशीची, आणि ती ५० अंशांच्या वर फार टिकत नाहीत. त्यामुळे पेंढा आधी रसायन-वाफेने शिजवायचा, मग थंड करायचा आणि नंतर महागडं एन्झाइम घालायचं. उष्णताप्रेमींवर सगळ्यांची नजर आहे ती इथे.

म्हणून मावळातही असा प्लांट हवा, असं मी म्हणणार नाही. पेंढ्याला सरसकट कचरा म्हणणारा माणूस मावळात चार दिवस राहिलेला नसतो. तो जनावरांचा चारा आहे. शिवाय इथली खाचरं लहान, चढउताराची. त्यातून हलका, फुगीर पेंढा गोळा करून ट्रकने न्यायचा तर डिझेलचाच हिशेब जुळायचा नाही. मावळातला खरा प्रश्न उन्हाळ्यात राब भाजताना दिसतो. शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळायचं. त्याने तण मरतं, राखेतून पोटॅश मिळतं, रोप जोमदार येतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, शहरात बसून नाकं मुरडू नका. पण त्या धुरात सेल्युलोजमधला कार्बन आणि शेणातलं बरंचसं नायट्रोजन उडून जातं. हेच जिन्नस नीट रचून कुजवले तर ६० अंशांच्या वर तणाचं बी बहुतांशी मरतं आणि नायट्रोजन बराच वाचतो. अडचण वेळेची. पेंढा कुजायला महिने जातात, पाऊस थांबत नाही.

तो वेळ कमी करणारा जीवाणू परदेशी पाकिटातूनच यायला हवा का? इथल्याच ढिगात, इथल्याच पेंढ्यावर पोसलेला कुणी असेल, तर त्याला शोधायला फार पैसा लागत नाही. लांब दांड्याचा थर्मामीटर, ६० अंशांचा इन्क्युबेटर आणि टेस्ट ट्यूबमध्ये फिल्टर पेपरची पट्टी. फिल्टर पेपर म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. नमुना टाकल्यावर पट्टी विरघळायला लागली की समजा, आत कुणीतरी जेवतंय. मग काँगो रेडची टेस्ट, त्यात वसाहतीभोवती फिकट वलय दिसलं की एन्झाइम बाहेर पडल्याचा पुरावा. ६० अंशांना अगारच्या प्लेटा लवकर वाळतात, तेवढं सांभाळा. आणि ढीग उकरताना मास्क लावाच, बुरशीचे बीजाणू उडतात.

प्राध्यापकांकडेही एक मागणी आहे. 'निकाल निगेटिव्ह आला' म्हणून अशा प्रोजेक्टचे मार्क कापू नका. बागेच्या मातीचा निकाल दरवर्षी पॉझिटिव्हच येतो, कारण तो मागच्या बॅचच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेला असतो. भातकापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकते, म्हणजे पाचव्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या सुमाराला. सहाव्या सेमिस्टरला विषय द्यायचा असेल, तर टाकव्याचे ढीग तेव्हा ताजे रचलेले असतील.