गळाला लागलेला पाहुणा

मायामीच्या विमानतळाला लागून एक कालवा वाहतो. एका बाजूला धावपट्टी, दुसऱ्या बाजूला गाड्यांची रांग आणि काठावर गळ टाकून उभी असलेली माणसं. त्यांच्या गळाला जो मासा लागतो तो अमेरिकेचा नव्हेच. सोनेरी अंग, त्यावर काळसर पट्टे आणि शेपटीवर मोराच्या पिसातला डोळा असावा तसा ठिपका. हा पीकॉक बास, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. त्याच्यासाठी लोक विमानाने येतात, वाटाड्याला पैसे मोजतात, फोटो काढतात आणि पुष्कळदा मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात.

दक्षिण फ्लोरिडातले कालवे हे मासे गरवणाऱ्यांसाठी एक उघडं मत्स्यालयच झालं आहे. दुकानातल्या काचेच्या टाकीत दिसणारा ऑस्कर इथे दोरी ताणतो. मध्य अमेरिकेतले सिक्लिड, पश्चिम आफ्रिकेतला ठिपक्यांचा टिलापिया, आशियातला सुरीसारखा चपटा नाइफफिश, टाकीची काच चाटणारा सकर, सगळे एकाच पाण्यात. आपल्या मरळीच्या कुळातला एक मासा 2000 साली ब्रोवर्ड काउंटीत सापडला. हा हिंस्र मासा जिवंत बाळगायला तिथे बंदी आहे. पकडलात तर मारा, असं सरकारच सांगतं. आणि जमिनीवर सरपटत एका तळ्यातून दुसऱ्यात जाणारा ‘चालता मासा’ म्हणजे मागूर. तो साठच्या दशकात मत्स्यपालकांच्या ताब्यातून निसटला.

हे सगळे तिथे टिकले कसे, याचं उत्तर पाण्याच्या तापमानात आहे. हे कालवे दलदल कोरडी करायला आणि पूर अडवायला खणले गेले. 1947 च्या महापुरानंतर तर त्यांचं जाळंच विणलं गेलं. आज तिथल्या जलव्यवस्थापन संस्थेकडचे कालवे आणि बांध मिळून लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर जाते. मायामीच्या बाजूचे अनेक कालवे चुनखडकात सरळ उभे कापलेले आहेत. त्यांत खालून भूजल झिरपतं आणि हिवाळ्यातही ते कोमट असतं. पीकॉक बासला साधारण 15-16 अंशांखालचं पाणी सोसत नाही. उथळ दलदलीत थंडीची लाट आली की उष्ण कटिबंधातले मासे मरतात, कालव्याच्या तळाशी मात्र तग धरतात. जानेवारी 2010 मधल्या कडाक्यात त्यांचा खच पडला होता. काही वर्षांत ते पुन्हा पसरले.

पीकॉक बासची गोष्ट मात्र इतरांपेक्षा वेगळी आहे. तो कुणाच्या टाकीतून पळालेला नाही, सरकारनेच तो आणून सोडला. पॉल शॅफलँड या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली आधी त्याची थंडी सोसण्याची मर्यादा तपासली गेली, राज्याच्या उत्तरेकडे तो सरकू शकणार नाही याची खात्री करून घेतली गेली आणि 1984 पासून पिल्लं पाण्यात सोडली गेली. हेतू दोन होते. बेसुमार वाढलेल्या टिलापियाला खाणारा कुणीतरी हवा होता आणि शहरातल्या माणसाला घराजवळ मासेमारीची मजा मिळायला हवी होती. तिथल्या अभ्यासांत देशी बासवर मोठा आघात दिसला नाही. आज हा परदेशी मासा दिवसाला दोनपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे कायद्याने त्याला संरक्षणच दिलं आहे! ऑस्करला किंवा सकरला असं काही नाही. ते हवे तितके न्यावेत.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, मग बिघडलं काय? शत्रूवर शत्रू सोडला, लोकांना छंद मिळाला, वाटाड्यांना रोजगार मिळाला. बिघडलं काय ते पनामाच्या गातून तलावाला विचारावं. याच कुळातला मासा तिथेही हौसेच्या मासेमारीसाठीच आणला गेला होता आणि साठच्या दशकात एका खासगी तळ्यातून निसटून चाग्रेस नदीत उतरला. तिथून तो तलावात शिरला. थॉमस झारेट आणि रॉबर्ट पेन यांनी 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की नेहमी आढळणाऱ्या आठ जातींच्या माशांपैकी सहा जवळपास नाहीशा झाल्या. छोटे मासे गेले की डासांच्या अळ्या खाणारं कुणी उरत नाही, म्हणून हिवतापाच्या डासांचं काय होईल ही शंकाही त्यांनी मांडली होती. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हाही तो तलाव पूर्ववत झालेला नव्हता.

एकाच कुळातला मासा, एका पाण्यात पाहुणा आणि दुसऱ्यात दरोडेखोर. फरक पाण्याचा आहे. फ्लोरिडाचा कालवा हा माणसाने खणलेला, आधीच परक्यांनी भरलेला चर; गातून हा धरणाने अडवलेल्या नदीचा तलाव, पण त्यात तिथले देशी मासे नांदत होते. फ्लोरिडाचं उदाहरण देऊन कुठेही मासा सोडा म्हणणारे हा फरक विसरतात.

दुसरा गैरसमज असा, की गळाने हे मासे संपतील. कोरड्या मोसमात एव्हरग्लेड्सची दलदल आटते, मासे कालव्यात गोळा होतात, तेव्हा एकेक जण दिवसभरात डझनावारी ऑस्कर काढतो. पण गळाला लागतात ती मोठी, भुकेली जनावरं. पाणवनस्पतीत लपलेली हजारो पिल्लं तशीच राहतात. आणि ज्या माशावर छंद आणि धंदा उभा राहतो, त्याचा नायनाट व्हावा असं त्या धंद्यातल्या कुणाला वाटेल?

खाऊन संपवावेत म्हणावं, तर तिथे आरोग्याचा प्रश्न आडवा येतो. एव्हरग्लेड्सच्या पाण्यात हवेतून पडणारा पारा जिवाणूंमुळे मिथाइल पाऱ्यात बदलतो. तो शेवाळातून किड्यात, किड्यातून छोट्या माशात आणि तिथून मोठ्या शिकारी माशात साठत जातो. तो मांसातच असतो. कातडी काढून, तळून किंवा शिजवून जात नाही. 1989 पासून तिथल्या आरोग्य खात्याने याबाबत इशारे दिले आहेत. गर्भवती आणि लहान मुलं यांना जास्त जपावं लागतं, कारण हा पारा वाढत्या मेंदूला इजा करतो.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर भिगवणच्या बाजाराकडे पाहावं. तिथे विकली जाणारी उजनीची चिलापी म्हणजे टिलापियाच. तिचा आफ्रिकी पूर्वज 1952 मध्ये भारतात आणला गेला. आता त्याच उजनीत सकर सापडू लागला आहे. त्याच्या अंगावर चिलखत, परांवर काटे. जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी तो तोंडाने हवा गिळून जगतो, म्हणजे आपल्या मैल्याने भरलेल्या नद्या त्याच्यासाठी फारशा अवघड नाहीत. फ्लोरिडात तो कालव्याच्या काठात बिळं करतो आणि काठ ढासळतात. मातीच्या बांधांवर आणि पाटांवर शेती उभी असलेल्या राज्याने हे नीट ऐकायला हवं.

डासांसाठी गप्पी मासे सोडतानाही हीच जाण हवी. बंद टाकी किंवा वापरातलं हौद ठीक. डोंगरातल्या झऱ्यात आणि ओढ्यात गप्पी सोडणं ठीक नाही, तिथे अळ्या खाणारे देशी मासे आधीपासून असतात.

फ्लोरिडाने उशिरा का होईना, एक उपाय केला. नको झालेले परदेशी पाळीव प्राणी, मासेसुद्धा, विनादंड आणून द्या. ते दुसऱ्या पाळणाऱ्याकडे पोचवले जातात. महाराष्ट्रात अशी खिडकी प्रत्येक मोठ्या शहरात उघडता येईल. महापालिकेचं एखादं उद्यान किंवा मत्स्यविज्ञान महाविद्यालयही पुरे. तोवर निदान दुकानदाराने एवढं करावं: बोटाएवढा ऑस्कर विकताना टाकीवर चिठ्ठी लावावी, की हा मासा फूटभर वाढतो, आणि वाढला की ओढ्यात किंवा तलावात न सोडता दुकानात परत आणावा.