शून्यावर बाद झालेल्याची बाजू

क्रिकेटचा सामना पाहताना आपल्यापैकी प्रत्येकजण उत्तम फलंदाज असतो. अमुक चेंडू सोडावयास हवा होता, तमुक पुढे येऊन टोलवावयास हवा होता, हे आपणांस आरामखुर्चीत बसल्या बसल्या अचूक कळते. मैदानावरील बिचाऱ्या गड्याला मात्र विचार करण्यास आरामखुर्ची मिळत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात त्याच्यापाशी येऊन ठेपतो. तेवढ्यातच त्याने चेंडू ओळखावयाचा, निर्णय घ्यावयाचा आणि बॅटही फिरवावयाची!

रायपूरकरांनी हा अनुभव जवळून पाहिला आहे. नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना २१ जानेवारी २०२३ रोजी झाला. गमतीला आरंभ नाणेफेकीपासूनच झाला. ती जिंकल्यावर आपण काय ठरविले होते, हेच कर्णधार रोहित शर्मा क्षणभर विसरले. आठवल्यावर त्यांनी क्षेत्ररक्षण स्वीकारले, आणि मग विस्मरणाची पाळी जणू न्यूझीलंडच्या फलंदाजांवर आली. अवघ्या १५ धावांत ५ गडी तंबूत परतले आणि १०८ धावांत सारा संघ आटोपला. त्यांतील मायकेल ब्रेसवेल यांनी तीनच दिवसांपूर्वी हैदराबादेत ७८ चेंडूंत १४० धावा झोडपल्या होत्या. रायपुरात त्यांना २२ धावाच मिळाल्या. तीन दिवसांत कोणी फलंदाजी विसरत नाही. हा खेळच असा आहे.

अमेरिकेतील बेसबॉल तर याहून कठीण. तेथे फळीऐवजी गोल दांडा असतो, आणि गोल दांड्याने गोल चेंडू मारणे म्हणजे काय, हे लाटण्याने लिंबू टोलवून पाहणाऱ्यासच कळेल. तेथे दहांपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा खेळाडू नामांकित गणला जातो. टेड विल्यम्स यांनी १९४१ च्या हंगामात हे प्रमाण शंभरांत चाळिसांच्या वर नेले. त्यानंतर तेथील अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगमध्ये संपूर्ण हंगामात कोणासही ते साधलेले नाही. म्हणजे एवढा थोर खेळाडूही दहांपैकी जवळजवळ सहा वेळा हात हलवीतच परतला! पण त्या खेळात एक सोय आहे. बाद झालेल्याची पाळी त्याच सामन्यात पुन्हा येते.

क्रिकेटमध्ये ही पाळी येण्यास कधी फार काळ लागतो. आपल्या मुंबईच्या अजित आगरकर यांचेच पाहा. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते कसोटीच्या लागोपाठ पाच डावांत शून्यावर बाद झाले. २००१ मध्ये त्याच संघाविरुद्ध मुंबईत आणखी दोन शून्ये पदरी पडली. इंग्रजीत शून्याला ‘डक’ म्हणतात आणि आपल्या बोंबलाला ‘बॉम्बे डक’. तेव्हा थट्टेखोरांनी त्यांचे बारसे करून टाकले. परंतु जुलै २००२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर याच आगरकरांनी नाबाद १०९ धावा केल्या. भारत तो सामना हरला, ही गोष्ट खरी. तथापि ज्या लॉर्ड्सवर सचिन तेंडुलकरांनाही कसोटी शतक लाभले नाही, तेथे बोंबील म्हणून हिणविलेल्या गड्याने ते केले. मधल्या काळात त्यांना पुन्हा फलंदाजीस पाठविणारे कोणी नसते, तर?

घरातही निराळे काय असते? गणितात नापास झालेला मुलगा किंवा नकाशासारखी पोळी लाटणारी मुलगी उंबऱ्याशी घुटमळते, तेव्हा आपण आरामखुर्चीतून कोणता निकाल देतो, याचा विचार करावा. एकच डाव पाहून ‘हे तुझे काम नव्हे’ असे सांगणे सोपे असते. त्या वाक्याने पुष्कळांची बॅट कायमची कोपऱ्यात जाते.

या बाबतीत गल्लीतील मुले आपल्याहून शहाणी असतात. लिंबूटिंबू पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर तीच ओरडतात, “ट्रायल होता रे, परत खेळ!” आज घरी कोणी पडेल चेहऱ्याने आले, तर ‘किती धावा काढल्यास?’ असे विचारू नका. ‘उद्या खेळायला जाणार ना?’ एवढेच विचारून पाहा.