माउली, वाट द्या!

ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि पिंपरी, कासारवाडीवरून पुण्याकडे जाते. त्या गर्दीत धक्का लागला तरी कोणी हमरीतुमरीवर येत नाही. ‘माउली, जरा वाट द्या’ म्हटले की वाट मिळते. पालखी पुढे गेली की त्याच रस्त्यावर आपण वाहनावर बसतो आणि कालची माउली आज अडथळा ठरते. माणूस तोच, रस्ता तोच. मग बदलले काय?

आपली ही नगरी वाहनांची. पिंपरीला टाटांचा, चाकणला महिंद्र व फोक्सवॅगनचा कारखाना. आकुर्डीच्या बजाजची स्कूटर तर एके काळी घरोघरी पोचली. वाहने घडवणारे आपण, वाहन चालवणारे मन मात्र घडवायचे विसरलो काय? चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहून पाहावे. पुढे जागा नसताना एकजण चौकात घुसतो. आडवा रस्ता बंद होतो. मग तिकडचाही घुसतो आणि चारी बाजू अडतात. ज्याने घाई केली तोही तिथेच अडकतो.

रस्ते अपुरे आहेत, उशीर झाला तर पगार कापला जातो, हे खरेच. रुंद रस्त्यांची मागणी आपण सोडू नये. पण रुंद रस्त्यावरही ‘आधी मी’ म्हणणारे मन अरुंदच राहील. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड ठेवला आहे. पण रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंसाठी आपण थांबलो की नाही, रात्री समोरच्यासाठी दिवा खाली केला की नाही, हे पाहायला दर वेळी पोलीस कुठून येणार?

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. एकदा तासाला उशीर होतो म्हणून उलट्या बाजूने गाडी घातली. रात्रपाळी करून परतणारे एक गृहस्थ मला वाट देण्यासाठी सायकलवरून मुकाट्याने खाली उतरले. तास मिळाला, त्यात काय शिकवले ते आठवत नाही. त्यांचा थकलेला चेहरा मात्र आठवतो.

चारित्र्य मोठ्या प्रसंगी दिसते, पण घडते ते अशा लहानसहान प्रसंगी. रोज दहादा ‘आधी मी’ म्हणणारा उद्या अधिकाराच्या खुर्चीवर बसूनही तेच म्हणेल. मित्रहो, आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासूनच सुरुवात करू या. तिथेही पायी येणारी माउली असतेच.