पडद्याचा फोटो पेशंटला द्या

मधुमेह असलेल्या माणसाला डोळे तपासलेत का असं विचारलं, की तो चष्मा काढून दाखवतो. "हे काय, दिवाळीतच नंबर काढला." नंबर म्हणजे चष्म्याच्या काचेचा हिशेब. डोळ्याच्या मागच्या पडद्याची चौकशी कुणी केलेलीच नसते. तालुक्याच्या गावी मी चष्म्याचं दुकान चालवते. शिक्षणाने ऑप्टोमेट्रिस्ट, गावासाठी चष्मेवाल्या मॅडम. त्यामुळे हे उत्तर पाठ झालंय.

आता या पडद्याचा फोटो काढणारे फंडस कॅमेरे आलेत. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, लख्ख प्रकाश पडतो, झालं. बऱ्याचदा बाहुली मोठी करायचे थेंबही लागत नाहीत. स्क्रीनवर नारिंगी गोल उमटतो. त्यात डोळ्याच्या नसेची फिकट पिवळी चकती आणि तिच्यातून फुटलेल्या तांबड्या रक्तवाहिन्या. साखरेने हात दाखवायला सुरुवात केली असेल, तर मधेमधे सुई टोचल्यासारखे लाल ठिपके दिसतात, पुढे पिवळसर डाग. आणि हे सगळं असताना माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो! पडदा दुखत नाही. मधल्या भागाला सूज येऊन अक्षरं वाकडी दिसायला लागली, की मग लेसर नि इंजेक्शनांची धावपळ. म्हणूनच टाइप 2 मधुमेहात निदान होताच, आणि पुढे साधारण दरवर्षी, पडदा तपासायला सांगतात.

माझी तक्रार कॅमेऱ्याबद्दल नाही, फोटोचं पुढे काय होतं याबद्दल आहे. शहरात जाऊन आलेल्या पेशंटच्या फाइलीत पावती असते, थेंबांची चिठ्ठी असते, इंग्रजीत गिचमिड चार अक्षरं असतात. फोटो मात्र तिथल्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरात. पुढच्या वर्षी माणूस दुसरीकडे गेला, की डाग जुना की नवा, कसं ठरवायचं? काचबिंदूत तर बराचसा खेळ तुलनेचाच. नसेच्या चकतीतला खळगा काहींचा जन्मतःच मोठा असतो. तो वाढतोय का, हे जुना फोटो शेजारी ठेवला तरच नीट कळतं.

गंमत बघा. 2016 साली गूगलच्या संशोधकांनी पडद्याचे फोटो वाचणाऱ्या संगणक-प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. तिला शिकवायला मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा रुग्णालयांतले फोटो वापरले होते. नावं काढून, रीतसर. त्याला माझी हरकत नाही. पण यंत्राला बघायला मिळालेला डोळा ज्याचा आहे त्यालाच मिळू नये?

"पेशंटला त्यातलं काय कळणार?" हे उत्तर मी ऐकलंय. एक्स-रेतलं तरी काय कळतं? तरी घरोघरी गादीखाली वर्षानुवर्षांचे एक्स-रे सापडतात, आणि वेळेला डॉक्टरच ते मागतात. दोन्ही डोळ्यांचे फोटो तारखेसकट मोबाइलवर पाठवायला फार तर दोन मिनिटं लागतील. मागून घ्या. देत नसतील तर पुन्हा मागा.

एवढं मात्र सांगते: साधा कॅमेरा पडद्याचा साधारण 45 अंशांचाच भाग टिपतो, पडदा कडेला फाटला असेल तर ते त्यात येत नाही. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके तरंगायला लागले, तर फोटोवर भागवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन थेंब घालून पडदा तपासून घ्या. जाताना बरोबर कुणाला तरी न्या, थेंबांनंतर काही तास गाडी चालवता येत नाही.