गुलाबी पाणी

ऑक्टोबर संपता संपता मिशिगन सरोवरावरचा बोटींचा हंगामही संपतो. शिडाच्या बोटी शिकागो नदीतून यार्डाकडे निघतात आणि त्यांच्या उंच डोलकाठ्यांसाठी भर शहरातले पूल बुधवारी नि शनिवारी उघडतात. तुमच्या घरी तेव्हा चकलीची भाजणी मळली जात असते. आमच्या घरी तिच्या जोडीला आणखी एक काम असतं, बोटीच्या डिझेल इंजिनाला थंडीसाठी तयार करण्याचं.

बोट म्हटलं की मंडळींच्या भुवया उंचावतात. आमची बोट सव्वीस फुटी, भागीत घेतलेली आणि वयाने माझ्याहून मोठी आहे! तिच्या इंजिनाला रेडिएटर नाही. सरोवराचंच पाणी आत खेचायचं, इंजिनभोवती फिरवायचं आणि एक्झॉस्टमधून बाहेर टाकायचं. इंजिन बंद केलं तरी थोडं पाणी आतल्या पोकळ्यांत राहतंच. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. नववीला कायिक विदारण शिकवताना मी दरवर्षी सांगायचे, भेगेतलं पाणी गोठलं की खडक फुटतो. मग ओतीव लोखंडाची काय कथा?

एवढं शिकवूनही गेल्या हिवाळ्यात आमचं इंजिन फुटलं.

लक्ष्मीपूजनाची घाई होती. बोट यार्डात घोड्यांवर चढवलेली, इंजिन थंडगार. पाणी खेचणारा पाइप नवऱ्याने गुलाबी अँटीफ्रीझच्या बादलीत सोडला आणि इंजिन सुरू केलं. दोन मिनिटांत मागून गुलाबी धार आली. मी खालून ओरडले, "आलं, आलं!" इंजिन बंद करून आम्ही घरी.

मे महिन्यात बोट पाण्यात उतरवली, तर इंजिनाच्या कुशीतून पाणी ठिबकत होतं. केसाएवढी चीर. मेकॅनिकने एकच विचारलं, "आधी इंजिन तापवलं होतं का?"

थंड इंजिनात थर्मोस्टॅटचं दार बंद असतं. इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी आत न जाता बाजूच्या वाटेने निघून जातं. आमचं अँटीफ्रीझही तसंच बाहेरच्या बाहेर गेलं. सरोवराचं पाणी आत होतं तिथेच राहिलं.

वर्गात "समजलं का?" विचारलं की पहिल्या बाकावरून जोरात "हो" यायचं. मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही, शेवटच्या बाकावरच्याला फळ्याशी बोलवायचे. इंजिनाच्या बाबतीत मात्र पहिल्या बाकाचं "हो" ऐकून मोकळी झाले.

या दिवाळीला नाशिकला आईकडे जायचं ठरलं होतं. ते पैसे इंजिनात गेले. आई फोनवर म्हणाली, "असू दे गं, पुढच्या वर्षी ये." तिचे गुडघे, तिचं वय, सगळं मला माहीत आहे. "पुढच्या वर्षी" हे शब्द सहज म्हणण्यासारखे राहिलेले नाहीत.

यंदा घाई केली नाही. आधी नळाचं पाणी बादलीत सोडून इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. मग पाइप अँटीफ्रीझच्या बादलीत. बादली रिकामी होऊ द्यायची नाही, हे काम माझं. पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर जळतो. नंतर गरम असतानाच जुनं ऑइल काढलं, कारण त्यातली आम्लं हिवाळाभर धातू खात बसतात. टाकी डिझेलने काठोकाठ भरली, म्हणजे आत दमट हवेचं पाणी साचत नाही. इम्पेलर काढून ठेवला आणि तशी चिठ्ठी किल्लीला बांधली, नाहीतर वसंतात विसरायला होतं.

धार या वेळीही गुलाबीच आली होती. पण मी ओरडले नाही. नवऱ्याला म्हटलं, "ब्लॉकचा प्लग उघड." त्याने पाना लावला, मी खाली वाटी धरली. वाटीत पडलं ते बाटलीतल्याइतकंच गडद गुलाबी होतं.

मग घरी येऊन चकल्या तळल्या.