किल्ला कुणी केला?

हा अंक हाती पडेल तेव्हा सहामाही परीक्षा आटोपत आलेल्या असतील आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांना काय अभ्यास द्यायचा, याची चर्चा शिक्षकखोलीत सुरू असेल. त्या चर्चेआधी एक करा. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात रात्री आठच्या सुमारास दहा मिनिटं उभे राहा. ऑफिसची बॅग अजून खांद्यालाच असलेली एखादी आई मोबाइलवरून आपलाच निरोप दुकानदाराला वाचून दाखवत असते : ‘उद्या येताना पाणचक्कीची प्रतिकृती आणावी.’ दुकानदार सरावलेला असतो. वरच्या फळीवर पिशवीत बांधलेली पाणचक्की तयारच असते. तिच्या शेजारी ज्वालामुखी, सूर्यमाला आणि ‘आपले मदतनीस’. बरंचसं काम थर्माकोलचं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, हे त्या घाईत कुणाला आठवत नाही. ज्याची पाणचक्की, ते मूल फ्रीजच्या काचेतून चॉकलेटं न्याहाळत उभं असतं.

अशाच एका प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेले होते. पहिलीतल्या एका मुलापुढे सुंदर घर होतं. कौलं, कुंपण, आत लागणारा दिवा. मी विचारलं, ‘हे कसं केलंस रे?’ तो म्हणाला, ‘बाई, हात लावू नका. मोडलं तर बाबा ओरडतील.’

त्या बाबांना नावं ठेवणं सोपं आहे आणि आपण शिक्षक ते हौसेने करतो. पण निरोप आपण पाठवलेला असतो. ‘उद्या’ हा शब्द आपला, ‘प्रतिकृती’ हा शब्द आपला आणि पहिला नंबर कुणाला द्यायचा, हा निर्णयही आपलाच. सहा वर्षांच्या हातांना एका संध्याकाळी न झेपणारी वस्तू मागितली, की ती कुणी तरी मोठ्याने करणार किंवा विकत आणणार. घरी हस्तकला होत नाही अशी आपली नेहमीची तक्रार. माझं म्हणणं असं, की घरातली हस्तकला आपल्या गृहपाठाने मारली आहे.

हे मी दुसऱ्यांना सांगते आहे असं समजू नका. बालवाडीत होते तेव्हा पोळ्याला मुलांकडून मातीचे बैल करून घेतले. एका मुलीने बैल आडवा केला होता, भाकरीसारखा पसरट, पाय एका बाजूला. मी तो उचलला, चिमटे काढून पाय ओढले, पाठीला वशिंड दिलं आणि तिच्यापुढे उभा करून ठेवला. ती काही बोलली नाही. उठली, हात धुतले आणि दारापाशी जाऊन बसली. संध्याकाळी पालक आले, कौतुक करून गेले. सगळं आवरताना माझ्या लक्षात आलं, की मांडलेल्या बावीस बैलांची शिंगं एकाच वळणाची आहेत. ते वळण माझ्या अंगठ्याचं होतं.

आता दिवाळीचा किल्ला घ्या. आपल्याकडचं हे सगळ्यात मोठं घरगुती हस्तकाम, आणि त्याचा अभ्यासक्रम आजवर कुणी लिहिलेला नाही, म्हणूनच ते टिकलं असावं. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं. चिखल पातळ झाला तर ओघळून खाली येतो, घट्ट झाला तर गोणपाटाला धरत नाही. नेमका किती पातळ हवा, हे सांगून कळत नाही; दोनदा ओघळला की तिसऱ्यांदा हाताला कळतं. गुहा कोरायला घ्यावी तर छत बसतं. मग कुणाला तरी सुचतं, की आधी करवंटी उपडी ठेवायची आणि वरून माती लिंपायची. गवतासाठी अळीव पेरायचा तर आठवडाभर आधी, नाही तर लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर बोडकाच राहतो. त्यावर तांब्याने पाणी ओतलं की अळिवासकट बुरूज वाहून जातो. त्या वाहत्या पाण्याकडे उकिडवं बसून बघणाऱ्या मुलाला नदी दरी कशी कापते, हे भूगोलाच्या पुस्तकात येण्याआधी पाच वर्षं कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते हाताने शिंपडतं.

मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो. तळ्यात प्लॅस्टिकचा डायनासोर पाणी पीत असतो. तोफेशेजारी रिक्षा उभी असते. तिथे कृपा करून इतिहास शिकवायला जाऊ नका. विचारायचंच असेल तर ‘हा रस्ता कुठे जातो?’ एवढं विचारा आणि अर्धा तास मोकळा ठेवा.

अलीकडे बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. तो गॅलरीत ठेवून चारी बाजूंनी दिवे लावले की झालं. मला त्याहून मोठी धास्ती वेगळीच आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण आता कुणी तरी ‘या बारांपैकी एकाची हुबेहूब प्रतिकृती करा, तटबंदीच्या मापांसह’ असं परिपत्रक काढेल आणि मुलांचा किल्ला बाबांकडे जाईल. ज्या किल्ल्याला नावच नाही, तो घरोघर राहू द्या.

‘ब्लॉकमध्ये माती कुठून आणायची?’ असं पालक विचारतात. मोडक्या कुंडीतली माती परातीत घेतली तरी टेकडी होते. शिवाय किल्लाच हवा असं नाही. घरात खळ शिजवणं ही तर स्वतंत्र कार्यशाळा आहे. दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पांढरं दुधाळ पाणी बघता बघता अर्धपारदर्शक होऊन पळीला चिकटतं, ती वेळ मुलांना जवळून बघू द्या. गुठळ्या का झाल्या, याचा शोध त्यांना लावू द्या. बाइंडिंगवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. लहान मुलांच्या खळीत तो अजिबात घालायचा नाही, हे पालकांना बजावून सांगा. त्या खळीने कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून केलेला आकाशकंदील वाकडा होतो, खळ वाळताना कागद आकसतो आणि एखाद्या पाकळीला सुरकुती पडते. लावा तसाच.

हत्यारांबद्दल एक तक्रार नोंदवते. लहान मुलांना आपण जी ‘सुरक्षित’ कात्री देतो, ती बहुधा कापतच नाही. कागद पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल आपलाच हात चुकतो असं समजून सोडून देतं. टोक गोल असावं, धार असावी. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताच्या कात्रीने रेघच दिसत नाही, हेही पालकांना आपणच सांगायला हवं. तीन वर्षांच्या मुलाला कात्रीची घाई नको, त्याला कागद फाडू द्या. जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी एका दमात फाडायला दोन्ही हात उलट दिशांना चालवावे लागतात. कात्री धरायची तयारी तिथे होते.

साहित्य नाही, ही सबब तर आपल्या भागात चालूच नये. ज्वारीच्या रानाकडेला वाढलेल्या वाचकांना धाटाची बैलगाडी आठवत असेल. धाटाची साल टणक, आतला गाभा मऊ. सालीची काडी गाभ्यात टोचली की सांधा तयार. ना डिंक, ना खिळा. त्याच दोन गुणांवर गाडी, चष्मा, पाळणा, वाटेल ते उभं राहतं. नेमका हाच विचार अरविंद गुप्तांच्या काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या खेळात आहे. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला हा इंजिनिअर होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडला गेला, पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करत राहिला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ट्यूबचे तुकडे सांध्याला लावून तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा. आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच कलतो. कलणाऱ्या चौकोनात एक तिरपी काडी बसवायची कल्पना मुलाला स्वतः सुचेपर्यंत तोंड बंद ठेवणं, एवढंच त्यात आपलं काम. फार अवघड आहे ते. मी अजून कधी कधी बोलून जाते.

आणि हे काही आपल्याला नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांसह कोसबाडला जे केलं, त्यात माँटेसोरींच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड आले. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो, पण अंगणातल्या वस्तू मात्र छापील कार्यपुस्तिकेतल्या ‘ठिपके जोडा, रंग भरा’ने बाजूला सारल्या. रंगही ठरलेला. कावळा काळा रंगवा. उसाच्या फडात किंवा वीटभट्टीवर वाढणारं मूल तारेची गाडी करून ती वळवायची दांडीही बसवतं, आणि आपल्या वर्गात आलं की ‘हस्तकला येत नाही’ असा शेरा घेऊन घरी जातं.

बक्षिसांचा विषयही आज काढायलाच हवा. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं, अशी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तेच पेन ठेवले. बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र घटला नाही. किल्ला स्पर्धा, आकाशकंदील स्पर्धा, राखी स्पर्धा यांची वर्षाची यादी आपण जूनमध्ये भिंतीवर लावतो, तेव्हा आपण नेमकं काय कबूल करत असतो, ते एकदा तपासून बघा. ‘स्पर्धा नसली तर पालक लक्षच देत नाहीत,’ असं एका मुख्याध्यापकांनी मला सांगितलं. खरं असेल. पण मग ती स्पर्धा पालकांची झाली आणि बक्षीसही त्यांनाच द्यावं.

तर या सुट्टीपुरती एक विनंती. प्रकल्प देऊ नका, नमुना पाठवू नका, फोटो मागवू नका. गटावर टाकायचाच असेल तर पालकांना एवढाच निरोप टाका : घरात एक खोका ठेवा, त्यात खोबरेल तेलाच्या बाटल्यांची झाकणं, लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या, सुतळी, शेंगांची टरफलं, बरी धार असलेली कात्री. मुलाने मागितलं तरच हात लावा. गाठ मारून देणं, जाड पुठ्ठा कापून देणं ही मदत. ‘थांब, मी छान करून देतो’ ही मदत नव्हे. अर्धवट टाकलेलं काम केर काढताना फेकू नका, चार दिवसांनी मूल परत तिथे येतं. पसाऱ्याला एक कोपरा नक्की करून द्या. आख्खं घर देऊ नका, आई-आज्यांचीही बाजू आहेच.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मुलांना ‘काय केलं?’ याऐवजी ‘कसं केलं? मध्ये काय बिघडलं?’ असं विचारा. ज्याचा किल्ला बाबांनी केला, तो दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसेल. त्याला रागावू नका. उत्तरं मुलांच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, लिहून घ्या.

डिसेंबरच्या अंकातली आठ पानं आम्ही त्या उत्तरांसाठी राखून ठेवली आहेत. तयार वस्तूंचे फोटो पाठवू नयेत, छापले जाणार नाहीत. ओघळलेला चिखल, बसलेलं छत, न उगवलेला अळीव यांची हकिगत दहा-पंधरा ओळींत लिहून मजकूर २० नोव्हेंबरपर्यंत पोचेल असा पाठवा.