फोटोशूटआधी पाणी बंद केल्याने खरंच ‘कट्स’ दिसतात का?

फोटोशूटच्या आधी पाणी बंद केलं की ‘कट्स’ उठून दिसतात, असं जिममध्ये सर्रास सांगितलं जातं. पण स्नायूंमध्ये सुमारे ७५ टक्के पाणीच असतं. ते कमी झालं की स्नायू उलट सपाट दिसतात. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या, तर पोटॅशियमचं प्रमाण बिघडून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

पुण्यात तर मेफेंटरमाइन इंजेक्शनच्या बेकायदा विक्रीप्रकरणी पोलिसांनी अनेकदा कारवाई केली आहे. हे औषध भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असतं. व्यायामात थकवा जाणवू नये म्हणून ते टोचून घेतलं, तर हृदयावर ताण येतो.

मग कट्स दिसतात कशाने? चरबी कमी झाल्याने. त्याला काही आठवडे लागतात. शरीर तयार नसेल, तर शूटची तारीख पुढे ढकला.